पहिली ओळ कुणाची?

मी ज्यांचं सर्वांत जास्त देणं लागतो त्यांचं नाव शिवलिंगप्पा बिराजदार. मंद्रूपच्या हायस्कुलात ते आम्हाला गणित शिकवत. माझे वडील घोंगडी विणायचे आणि आठवडी बाजारात विकायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मॅट्रिकनंतर वडील मला मागावर बसवणार होते. एका बाजाराच्या दिवशी गुरुजी आमच्या पालासमोर येऊन उभे राहिले, एक घोंगडी उलटीसुलटी करून पाहिली आणि वडिलांना म्हणाले, "मायप्पा, माल चांगला आहे. पण तुझ्या पोराला हे जमायचं नाही. तो विणत नाही, धागे मोजत बसतो. त्याला सोलापूरला पाठव."

वडील म्हणाले, "तुमी म्हनता तर पाठवतो की गुरुजी. पन तितं त्यो ऱ्हानार कुटं?"

ते गुरुजींनी आधीच ठरवून ठेवलं होतं. शुक्रवार पेठेत त्यांची मावसबहीण राहायची. तिच्या माळ्यावरच्या खोलीत राहून मी बी.एस्सी. झालो. बदल्यात गुरुजींनी एकच गोष्ट मागितली. नोकरी लागली की महिन्याला एक पत्र लिहायचं, आणि त्यात मी काय काम करतो ते असं सांगायचं की त्यांना ते नववीच्या वर्गात समजावून देता यावं.

नोकरी लागली आणि कळलं, परीक्षा बरी होती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. सोलापुरातल्या एका कापडगिरणीनं हैदराबादहून एक कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला मला घेतलं. मिलचं नाव लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून गावात आहेत आणि मला रोज भाजी आणायला बाहेर पडावं लागतं. संगणक हा शब्द तेव्हा आमच्याकडं कुणी वापरत नसे. मशीन म्हणावं तर मिलमध्ये सगळीकडं मशिनंच. म्हणून कामगारांनी त्याचं नाव 'हैदराबादी' ठेवलं. दोन लोखंडी कपाटं, एक टाइपरायटर, एक छपाईचं यंत्र, आणि कागदी पट्टीवरची भोकं वाचणारं एक यंत्र, एवढा त्याचा संसार. त्याला थंड हवा लागायची. मॅनेजरसाहेबांच्या खोलीलाही नव्हती अशी हवा त्याच्या खोलीला होती, आणि याचा राग पुढची दोन वर्षं मी सोसला.

हे यंत्र रोज पहाटे सुरू करावं लागे. दिवा लावतो तसं बटण दाबून नव्हे. कपाटाच्या तोंडावर खटक्यांची एक ओळ होती. काही वर, काही खाली अशी ती लावायची, मग एक छोटी भोकांची पट्टी वाचायला द्यायची. ती वाचून झाली की आतली तबकडी फिरायला लागे आणि त्या तबकडीवरून यंत्राचा कारभारी जागा होई. कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. छपाई कुणाला द्यायची, कुठलं काम कुठं ठेवायचं, हे सगळं तो बघतो. हा कारभारी उठला की सर्वांत आधी एक फाइल वाचायचा. आम्ही तिला स्टार्ट फाइल म्हणायचो. तिच्यात ओळीनं आज्ञा लिहिलेल्या असत. आजची तारीख विचार. छपाईचं यंत्र जोड. सेल्सचं काम उभं कर. कापड गोदामाचं काम उभं कर. टाइम ऑफिसचं काम उभं कर. तो एकेक ओळ वाचत खाली यायचा आणि शेवटची झाली की यंत्र आमच्या हाती द्यायचा.

यात वाईट काही नाही. वाईट हे, की एखादी ओळ त्याला जमली नाही तर तो टाइपरायटरवर एक प्रश्नचिन्ह उमटवून तिथंच थांबायचा. का जमलं नाही, काय हवं आहे, काही नाही. नुसतं प्रश्नचिन्ह. पुढच्या ओळी तशाच पडून राहायच्या. बरं, ती ओळ काढून टाकावी म्हटलं तर फाइल बदलायला यंत्र सुरू पाहिजे, आणि यंत्र सुरू व्हायला फाइल शेवटपर्यंत वाचून झाली पाहिजे. हे मी पहिल्यांदा मॅनेजरसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू ही रचना मीच केली होती. त्यात सोलापूरची वीज. ती गेली की पुन्हा खटके, पुन्हा पट्टी, पुन्हा पहिल्या ओळीपासून.

आता हा कारभारी नेमका कुणापाशी अडायचा, तर पहिल्याच कामापाशी. सेल्सपाशी.

सेल्सचे मुख्य कोठारीसाहेब. आलेल्या ऑर्डरी त्यांचा क्लार्क संध्याकाळी भोकांच्या पट्टीवर उतरवायचा आणि ती पट्टी दुसऱ्या दिवशीसाठी यंत्रात लावून ठेवायची, असं ठरलेलं होतं. पण कोठारीसाहेबांना भीती, की कुणीतरी पट्टी वाचून आपले भाव बाहेर फोडेल. भोकं वाचता येणारा सोलापुरात मी एकटाच होतो, आणि मला भावातलं काही कळत नव्हतं. तरी दोन दिवसांआड पट्टी त्यांच्या कपाटात कुलपात राहायची. कारभारी पहाटे सेल्सच्या ओळीशी यायचा, पट्टी शोधायचा, आणि प्रश्नचिन्ह. कोठारीसाहेबांचं ऑफिस उघडायचं दहाला. तोवर हैदराबादी पहिल्या पायरीवर बसून.

एवढ्यानं कुणाचं काय बिघडत होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. बिघडत होतं ते गेटवर.

मिलमध्ये कायम कामगार असत आणि बदली कामगार असत. कायम माणूस आला नाही की त्याच्या मागावर त्या दिवसापुरता बदली घ्यायचा. पूर्वी सकाळच्या पाळीला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, गेटवर येऊन बोटानं माणसं निवडायचा. बोट कुणाकडं वळायचं हे सगळ्यांना माहीत होतं. पुढं युनियनचं आणि मिलचं ठरलं की बदली कामगार पाळीनं घ्यायचे. काल ज्याला काम मिळालं तो आज रांगेच्या शेवटी. ही पाळीची यादी हैदराबादीनं छापायची आणि सातच्या भोंग्याआधी टाइम ऑफिसनं गेटवर लावायची. यादी आली नाही तर जुनी पद्धत. म्हणजे जॉबरचं बोट.

त्या गेटवर नरसय्या नावाचा एक विणकर उभा असायचा. पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. हात असा की कायम विणकरांनी त्याच्याकडून तुटलेली सुताची तार जोडून घ्यावी, पण सहा वर्षं बदलीच. वर्षात ठरलेले दिवस भरले की नाव कायममध्ये जायचं. भरले नाहीत तर जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून मोजणी. दर वर्षी त्याचे थोडके दिवस कमी पडायचे, कारण जॉबरला तो चहा पाजत नसे. त्या वर्षी यादीमुळं तो पहिल्यांदाच काठाशी आला होता. मी पहाटेचं काम आटोपून चहाला गेटबाहेर आलो की विचारायचा, "सायेब, हैदराबादी उठला का?"

मी "उठला" म्हटलं की तो दोन्ही हात जोडून कपाळाशी न्यायचा. "न्हाय" म्हटलं की हसून म्हणायचा, "झोपू द्या की. लई थकला असंल."

तेव्हा मी ठरवलं, टाइम ऑफिसची ओळ वर घ्यायची आणि सेल्सची खाली. एका ओळीची अदलाबदल. पण स्टार्ट फाइल बदलायला ज्या खात्याची ओळ हलणार त्याच्या मुख्याची सही लागायची. मी कोठारीसाहेबांकडं गेलो.

ते म्हणाले, "उद्घाटनाच्या दिवशी शेठजींच्या हस्ते नारळ फुटला तेव्हा पहिली ओळ कुणाची टाकली होती?"

"सेल्सची, साहेब."

"आता ती खाली गेली तर लोकांत काय अर्थ निघेल?"

"साहेब, ती ओळ कुणाला दिसत नाही."

"तुम्हाला दिसते ना?"

मी परत आपल्या थंड खोलीत आलो. सोलापुरात ज्यानं गड्ड्याच्या जत्रेत, सिद्धेश्वराच्या मिरवणुकीत, काठ्यांचा मान पाहिलेला आहे त्याला कोठारीसाहेबांची बाजू अगदीच कळत नाही असं नाही. कुणाची काठी पुढं, कुणाची मागं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि ते तसंच असावं. पण काठीमागं माणसं असतात, देव असतो. इथं तबकडीवरच्या एका अदृश्य ओळीसाठी दहाला उठणारा माणूस पहाटेचा मान मागत होता.

मी आठवडाभर डोकं खाजवलं आणि पुन्हा गेलो. म्हटलं, "साहेब, सभेत सगळ्यांत शेवटी कोण बोलतं?"

"अध्यक्ष."

"तसंच आहे हे. आधी बाकीची कामं उभी राहतील, मग सेल्स येईल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग अगदी शेवटी घ्या. आमच्यामागं कुणी नको." आणि सही दिली. मी खूश होऊन टाइम ऑफिसात गेलो. तिथले हेडक्लार्क विभूते अण्णा माझ्यावर माया करणारे. त्यांची ओळ वर जाणार म्हणून मी पेढे आणायच्या बेतात होतो. पण कोठारीसाहेबांच्या क्लार्कनं माझ्याआधी तिथं जाऊन 'अध्यक्षां'ची बातमी सांगितलेली होती.

अण्णा म्हणाले, "ये बाबा. म्हणजे कोठारी अध्यक्ष. आणि सभेत सगळ्यांच्या आधी कोण येतं, ठाऊक हाय का? सतरंजी घालणारा."

"अण्णा, तुमचीच यादी वेळेवर निघावी म्हणून करतोय."

"यादीचं सोड. बावीस माणसांचं ऑफिस हाय माझं. पोरं काय म्हणतील? अण्णानं सतरंजी घातली."

"मग तुम्हाला पण शेवटी घेऊ का?"

"घे की. कोठारीच्या नंतर घे."

सही मिळाली नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, दोघांच्या सह्या आणा, नाहीतर फाइलला हात लावू नका. आधी एकाच खात्याला पहिलं राहायचं होतं, आता दोघांना शेवटचं व्हायचं होतं. त्या महिन्यात गुरुजींना लिहिलेल्या पत्रात मी फक्त तब्येत बरी असल्याचं कळवलं.

मग मी हैदराबादला ट्रंक कॉल लावला. तो लागायला दुपार गेली. पलीकडचे इंजिनिअर शांत होते. म्हणाले, "वो मशीन ऐसाइच है. डिझाइन में है." मी बराच वेळ गयावया केल्यावर त्यांनी एक उपाय दिला. कारभाऱ्याच्या पोटात एक आज्ञा आहे, चूक दिसली की थांब. तिच्या जागी दुसरा आकडा घाला, चूक दिसली की पुढची ओळ वाच. ओळींचा क्रम आहे तसाच राहू द्या. कुणाची सही लागत नाही, कारण स्टार्ट फाइल बदलतच नाही. मॅनेजरसाहेबांनी हो म्हटलं, आणि आकडा बदलला.

पंधरवडा सुखाचा गेला. पट्टी नसली की कारभारी प्रश्नचिन्ह उमटवायचा आणि पुढं जायचा. यादी साडेसहाला गेटवर. नरसय्यानं मला मिलसमोरच्या गाडीवर भजी खाऊ घातली.

मग एका सकाळी टाइपरायटरचा कागद अडकला. तारीख विचारायची ओळ होती, ती जमली नाही. मी कागद सोडवत होतो तोवर कारभाऱ्यानं त्या अडकलेल्या कागदावरच प्रश्नचिन्ह मारलं आणि सांगितल्याप्रमाणं पुढं गेला. तारीख नाही म्हणून त्यानं कालचीच तारीख धरली आणि कालचीच यादी पुन्हा छापली. अण्णांच्या माणसानं ती फाडून गेटवर लावली. काल ज्यांना काम मिळालं होतं त्यांचीच नावं पुन्हा वर. त्या दिवशी यादीत पहिलं नाव नरसय्याचं यायचं होतं. गेटवर जी आरडाओरड झाली ती आत मला ऐकू आली. मी धावत गेलो तोवर भोंगा झाला होता आणि कालचीच माणसं आत गेली होती. बाकीचे मला घेरून उभे राहिले. कुणी शिव्या दिल्या, कुणी कॉलरला हात घातला. नरसय्यानं दोघांना बाजूला सारलं आणि मला वाट करून दिली.

मी म्हटलं, "नरसय्या, चूक झाली यंत्राची."

तो म्हणाला, "व्हय की. तुमचा हैदराबादी पण जॉबरवानीच निघाला. त्याच त्याच लोकान्ला बोलवतो." आणि सायकल काढून गेला. हसला नाही.

दुपारी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. आकडा पूर्वीसारखा करा, म्हणाले. यादीची व्यवस्था तूर्त बंद, जॉबर बघून घेईल. "आणि महिनाअखेर हे यंत्र सहाला उठून सगळ्यांची कामं धडपणे करणार नसेल, तर ते हैदराबादला परत जाईल. तुम्हीही दुसरीकडं बघा." महिना डिसेंबरचा होता. म्हणजे माझी नोकरी आणि नरसय्याचं वर्ष एकाच दिवशी संपत होतं.

मी शुक्रवारी रात्री मंद्रूपला गेलो. घरी बसवेना म्हणून शनिवारी सकाळी शाळेत गेलो. गुरुजी पटांगणाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं. कारभारी, ओळी, सह्या, सतरंजी, तारीख. ते ऐकून म्हणाले, "तुझं यंत्र मला कळलं नाही. पत्रातही कळत नाही. मला एवढं सांग, यंत्र सुरू झालं नाही की बाहेर उभं कोण राहतं?"

"बदली कामगार."

"मग कोठारी आणि विभूते यांचं मला काय सांगतोस? ते आतच असतात."

तेवढ्यात घंटा झाली. पोरं वर्गावर्गानं रांगा करून उभी होती. मी तिथं शिकलो तेव्हा आधी अकरावी आत जायची, मग दहावी, मग नववी, अशी पाचवीपर्यंत. अकरावीतला पेटी वाजवणारा पोरगा उशिरा आला की प्रार्थना अडायची आणि अख्खी शाळा उन्हात. मी आठवीत असताना गुरुजींनी हेडमास्तरांशी भांडून ही रांग मोडली होती. प्रत्येक वर्गाला एक मॉनिटर. वर्ग पुरा उभा राहिला की मॉनिटरनं हात वर करायचा. ज्याचा हात वर त्याचा वर्ग आत. ज्याचा वर्ग तयार नाही तो आपला आपण मागं राहील, त्याचं नाव फळ्यावर लिहायचं, बाकीच्यांनी थांबायचं नाही. मी ते चार वर्षं रोज केलं होतं आणि कधी त्याचा विचार केला नव्हता. माझ्यासमोर सातवीचा हात वर गेला, सातवी आत गेली. दहावी अजून ढकलाढकली करत होती. तिच्यासाठी कुणी थांबलं नाही.

गुरुजी म्हणाले, "काय बघतोस?"

मी म्हटलं, "वर गेलेले हात बघतोय."

दुसऱ्या गाडीनं मी सोलापूरला परत आलो.

करायचं काय ते आता स्वच्छ होतं. चूक दिसली की सगळं थांबवणं चुकीचं, आणि चूक दिसली की डोळे मिटून पुढची ओळ वाचणंही चुकीचं. वर्ग हे एकक धरायला हवं, ओळ नाही. स्टार्ट फाइलमध्ये दोनच ओळी ठेवायच्या, तारीख आणि छपाई. त्या जमल्या नाहीत तर कारभाऱ्यानं खुशाल थांबावं, तिथं थांबणंच बरोबर. बाकी प्रत्येक खात्याची वेगळी फाइल. त्या फाइलीत काही अडलं तर ती तिथंच सोडायची, त्या खात्याचं नाव प्रश्नचिन्हासह टाइपरायटरवर उमटवायचं आणि दुसऱ्या खात्याकडं जायचं. आणि हात वर कसा करायचा? कपाटावर खटक्यांची ओळ होतीच. यंत्र सुरू झाल्यावर त्यांना काही काम नसे. एकेका खात्याला एकेक खटका द्यायचा. ज्याचा खटका वर, त्याची फाइल वाचायची.

मॅनेजरसाहेबांनी सुट्टीचा एक दिवस दिला, आणि जमलं तर यादी पुन्हा सुरू करा म्हणाले. मिल बंद, माग थांबलेले, आणि मी त्या थंड खोलीत स्वेटर घालून कारभाऱ्याचं पोट उघडून बसलो. अडचण अशी की नव्या आज्ञा ठेवायला आत जागाच नव्हती. सगळं गच्च भरलेलं. एकेक आकडा तपासत गेलो तेव्हा एका ठिकाणी लांबलचक मजकूर सापडला. यंत्र उठलं की ते टाइपरायटरवर कंपनीच्या वतीनं आमचं स्वागत करायचं, आमची भरभराट चिंतायचं. इतके दिवस मी ते वाचत होतो. ते स्वागत खोडलं आणि त्या जागेत माझ्या आज्ञा बसवल्या. त्या दिवसापासून हैदराबादीनं कुणाचं स्वागत केलं नाही.

आता सह्या. या वेळी ओळ कुणाची वर, कुणाची खाली, हा प्रश्नच नव्हता. ओळच नव्हती. पण कोठारीसाहेबांनी खटक्यांची रांग पाहिली आणि विचारलं, "यातला आमचा कुठला?" मी म्हटलं, डावीकडून पहिला. त्यांनी सही केली. अण्णा आले. त्यांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, "अण्णा, सगळ्यांत शेवटचा. तुमच्यापलीकडं कुणी नाही." अण्णांनी त्या खटक्यावरून रुमाल फिरवला आणि सही केली. कापड गोदामाला मधला दिला. गोदामवाल्यांनी आजतागायत काही विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खटके लावले, पट्टी दिली, तारीख टंकली. अण्णा स्वतः सहाला आले होते, मफलर गुंडाळून. त्यांनी आपला खटका वर केला. मी बाकीचे दोन केले. टाइपरायटर खडखडला आणि त्यावर सेल्सचं नाव उमटलं, पुढं प्रश्नचिन्ह. पट्टी कुलपातच होती. अण्णा म्हणाले, "झालं. बसला." मग छपाईच्या यंत्रानं कागद ओढला.

अण्णांनी तारीख बोटानं वाचली. मग मलाही वाचायला लावली. मग यादी घेऊन स्वतः गेटवर गेले.

दहाला कोठारीसाहेब आले आणि टाइपरायटरचा कागद हातात घेऊन म्हणाले, "आमच्या नावापुढं हे काय?"

"प्रश्नचिन्ह, साहेब. पट्टी नव्हती."

"हे रोज असं येणार? सगळ्यांना दिसणार?"

"पट्टी नसली तर येणार."

त्या दिवसापासून पट्टी संध्याकाळी न चुकता यंत्रात असायची. भाव फुटण्याची भीती प्रश्नचिन्हापुढं टिकली नाही. हे मला आधी सुचलं असतं तर कारभाऱ्याच्या पोटात शिरायची वेळच आली नसती, असं नंतर पुष्कळदा वाटलं.

पुढं मी दुसऱ्या नोकरीत गेलो, मोठी यंत्रं पाहिली. हल्लीची यंत्रं सुरू होताना एका गोष्टीसाठी दुसरी अडवून धरत नाहीत, आणि हे कुणाला नवल वाटत नाही. ती मिल बंद पडली. हैदराबादी भंगारात गेला असं ऐकलं. आतल्या बदललेल्या आज्ञा कुणी पाहिल्या असतील असं वाटत नाही. पाहायला हैदराबादहून कुणी आलंच नाही. त्याचं थोडं वाईट वाटतं.

गुरुजींनी लावलेली एक सवय अजून आहे, पत्र आधी कच्चं लिहायचं. त्या जानेवारीत पाठवलेल्या पत्राचा कच्चा कागद माझ्याजवळ आहे. तो इथं देतो.

शुक्रवार पेठ, सोलापूर
संक्रांत

तीर्थस्वरूप गुरुजींस, शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत तिळगूळ पाठवला आहे. मागच्या काही पत्रांत मी कामाविषयी काही लिहिलं नाही. आपण रागावला असाल. आता लिहितो. नववीच्या वर्गात सांगता येईल असं वाटतं.

आमचं यंत्र म्हणजे शाळा. आधी त्यात सगळे वर्ग एका रांगेत आत जायचे आणि पुढच्या वर्गाची पेटी आली नाही की मागचे सगळे उभे राहायचे. आता प्रत्येक वर्गाचा मॉनिटर हात वर करतो आणि आपला वर्ग घेऊन आत जातो. जो मागं राहतो त्याचं नाव फळ्यावर लागतं. एवढंच मी केलं आहे. ते करायला मला सुट्टीचा अख्खा दिवस आणि पुष्कळ आकडे लागले, पण कल्पना माझी नाही, आपली आहे. इथं विचारलं तेव्हा मी मंद्रूपच्या शाळेत असं करतात, असं सांगितलं. मॅनेजरसाहेबांना ती इंजिनिअरिंगची शाळा वाटली. मी दुरुस्त केलं नाही.

माझी नोकरी कायम झाली. नरसय्या विणकराविषयी आपल्याला सांगितलं होतं. त्याचे दिवस डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरले आणि त्याचं नाव कायममध्ये गेलं. आता त्याला यादी बघायची गरज नाही, तरी सकाळी भेटला की हैदराबादी उठला का, असं विचारतो. सवय झाली आहे म्हणतो.

आपण विचारलं होतं, बाहेर उभं कोण राहतं. त्याचं उत्तर आता देतो. यादीत वर ज्यांची नावं असतात ते आत जातात. खालच्यांना साडेसहालाच कळतं की आज आपल्याला काम नाही, आणि ते वेळेत दुसरीकडं बघायला निघतात. त्या सगळ्यांना काम देणं माझ्या हातात नाही, आणि याचं मला रोज वाईट वाटतं. पण गुरुजी, सातचा भोंगा होतो तेव्हा आता गेटबाहेर कुणी उभं नसतं.

आपला विद्यार्थी,
भीमाशंकर